तहाची खरी घासाघीस विजेत्यांच्या आपापसात होते

प्रश्न थोडक्यात असा: मोठं युद्ध संपल्यावर जिंकलेली राष्ट्रं शांततेच्या अटी नेमक्या कशा ठरवतात? हरलेल्या देशाला त्यात बोलायला वाव असतो का? आणि विजेत्याला हवं ते लिहून घेता येत असेल, तर वाटाघाटी करायच्याच कशाला?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं उत्तर तिच्या पोटातच आहे. आंतरराष्ट्रीय करारांचे मसुदे करणं आणि तपासणं यात माझी उमेदीची बहुतेक वर्षं गेली. जुने तहनामे आणि त्यांच्यामागच्या बैठकांची टिपणं वाचणं हा त्या कामाचाच भाग. त्यावरून माझं पक्कं मत झालं आहे, की युद्धानंतरची सगळ्यात अवघड घासाघीस विजेत्यांच्या आपापसात चालते. तिथे एकदाचं कसंबसं जमलं की तो मसुदा पुन्हा उघडायला कुणी धजावत नाही. हरलेल्याला मिळणारी कठोर वागणूक पुष्कळदा सूडापेक्षा या धास्तीतून आलेली असते.

युद्ध चालू असतं तोवर शत्रू एकच असतो, म्हणून उद्दिष्टंही एकच असावीत असं वाटत राहतं. प्रत्यक्षात जो तो वेगळ्या कारणासाठी लढत असतो. त्यात मित्र जोडण्यासाठी ऐन धामधुमीत दिलेली वचनं असतात. पहिल्या महायुद्धाचंच घ्या. २६ एप्रिल १९१५ च्या लंडनच्या गुप्त करारात ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाने इटलीला दक्षिण टायरॉल, त्रिएस्ते आणि डाल्मेशियाच्या किनाऱ्याचा काही भाग कबूल केला. १९१६ च्या ब्रिटन-फ्रान्सच्या सायक्स-पिको करारात ऑटोमन साम्राज्यातला अरब मुलूख कागदावर वाटून झाला. १९१७ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने जपानला शब्द दिला, की चीनच्या शांतुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क युद्धानंतर तुमच्याकडे येतील. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली ती यातल्या कशालाही बांधील नव्हती. उलट ८ जानेवारी १९१८ ला अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी मांडलेले शांततेचे चौदा मुद्दे आणि ही वचनं यांचा मेळच बसत नव्हता. युद्धानंतरची पॅरिस शांतता परिषद १८ जानेवारी १९१९ ला भरली तेव्हा जर्मनीचं काय करायचं हा प्रश्न येण्याआधी ही जुनी देणी दारात उभी होती.

या परिषदेकडे जरा जवळून बघू, कारण विजेत्यांची वाटाघाट कशी चालते आणि कुठे घसरते, दोन्ही तिथे स्वच्छ दिसतं.

मूळ बेत असा होता, की आधी दोस्त राष्ट्रांनी आपापसात बसून एक सामाईक भूमिका ठरवायची आणि मग जर्मनीला बोलावून खरी तहपरिषद भरवायची. आपापसातली मांडणी थोडी चढीच ठेवायची, म्हणजे पुढे सोडायला काहीतरी हातात राहतं. अनुभवी वाटाघाटकार असंच करतो आणि त्यात गैर काही नाही. पण अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जपान यांच्या प्रत्येकी दोन प्रतिनिधींची दहा जणांची समिती आठवडेच्या आठवडे अडकून पडली. मार्चच्या अखेरीस विल्सन, ब्रिटनचे लॉईड जॉर्ज, फ्रान्सचे क्लेमांसो आणि इटलीचे ओरलांडो या चौघांनी दारं लावून बसायला सुरुवात केली तेव्हा कुठे गाडं हललं. सीमांचे, भरपाईचे, बंदरांचे, लष्करी अटींचे तुकडे वेगवेगळ्या समित्यांकडे आधीच गेले होते. प्रत्येक समितीने पुढे घासाघीस होणारच आहे हे धरून आपल्या विषयात ताणून मागितलं. पुढची परिषद काही भरली नाही. त्या आधीच्या चढ्या मागण्या एकाखाली एक शिवल्या गेल्या आणि त्यांचाच अंतिम तह झाला. माझ्या मते जर्मनीशी झालेल्या या व्हर्सायच्या तहातला सगळ्यात मोठा दोष हा कार्यपद्धतीचा आहे. सगळा मसुदा एकत्र मांडून, त्याचा एकूण भार किती होतो हे वेळेवर तपासणारं कुणी नव्हतं. अन्नपुरवठ्याचं काम पाहणारे हर्बर्ट हूव्हर यांच्या हातात छापील प्रत पडली ती ७ मेच्या पहाटे, म्हणजे जर्मनांना ती द्यायच्या दिवशीच. वाचून ते इतके अस्वस्थ झाले की उठून रस्त्यावर फेऱ्या मारू लागले. तिथे त्यांना दक्षिण आफ्रिकेचे स्मट्स आणि ब्रिटनचे अर्थतज्ज्ञ केन्स भेटले. तेही त्याच कारणाने बाहेर पडले होते.

आता एप्रिल महिना पाहा. इटलीला लंडन करारातलं सगळं हवं होतं आणि वर फिउमे हे बंदरही हवं होतं, जे त्या करारात इटलीला दिलेलंच नव्हतं. विल्सन यांनी नकार दिला आणि २३ एप्रिलला थेट इटलीच्या जनतेला उद्देशून निवेदन काढलं. दुसऱ्या दिवशी ओरलांडो पॅरिस सोडून रोमला निघाले. नेमक्या त्याच दिवसांत जपानने शांतुंगचा विषय रेटला. एक मोठं राष्ट्र उठून गेलेलं, दुसरंही गेलं तर राष्ट्रसंघाचं, म्हणजे युद्धं टाळण्यासाठी योजलेल्या राष्ट्रांच्या नव्या संघटनेचं, काय राहणार, ही विल्सन यांची खरी चिंता होती. ३० एप्रिलला शांतुंगमधले जर्मन हक्क जपानकडे देण्याचं ठरलं. चीन स्वतः दोस्त राष्ट्रांपैकी एक होता. ४ मेला पेकिंगमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि चीनच्या प्रतिनिधींनी २८ जूनला तहावर सही केली नाही. म्हणजे एड्रियाटिक समुद्रावरच्या एका बंदराच्या भांडणाची किंमत पिवळ्या समुद्राकाठच्या प्रांताने मोजली. त्या दोन जागांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. विजेत्यांच्या वाटाघाटीत असं वारंवार होतं, कारण तिथे प्रत्येक मुद्दा दुसऱ्या कुठल्या तरी मुद्द्याच्या बदल्यात सुटलेला असतो.

आणि म्हणूनच हरलेल्याशी बोलणं धोक्याचं वाटू लागतं. ७ मे १९१९ ला व्हर्सायच्या ट्रियानॉन पॅलेस हॉटेलात जर्मन शिष्टमंडळाला मसुदा देण्यात आला. तोंडी चर्चा नाही, जे काही म्हणणं असेल ते पंधरा दिवसांत लेखी द्या, असं सांगण्यात आलं. जर्मन परराष्ट्रमंत्री ब्रॉकडॉर्फ-रांट्झाउ बसूनच बोलले, ते सगळ्यांना झोंबलं. मेअखेर जर्मनीने तपशीलवार प्रतिप्रस्ताव दिले. ते वाचून लॉईड जॉर्ज यांना घाम फुटला आणि जूनच्या सुरुवातीला त्यांनी बऱ्याच अटी सैल करायचा आग्रह धरला. पण क्लेमांसोंना एकही गाठ सोडायची नव्हती आणि विल्सनही आता मागे यायला राजी नव्हते. विटांची कोरडी रचलेली भिंत असावी तसा तो मसुदा होता: एक वीट काढली की कुठली कुठली खाली येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. जर्मनीच्या पदरात ठळक अशी एकच सवलत पडली. अप्पर सायलेशिया पोलंडला सरळ देऊन टाकण्याऐवजी तिथे सार्वमत घ्यायचं ठरलं. १६ जूनला अखेरची मुदत देण्यात आली आणि २८ जूनला व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालात सह्या झाल्या. एकूण कलमं ४४०.

पैशाचा विषय वेगळा सांगायला हवा, कारण भरपाईच्या आकड्याबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. एकूण किती मागायचं आणि त्यातला वाटा कुणाला किती, हे दोन प्रश्न वेगळे असतात आणि विजेते भांडतात ते दुसऱ्यावर. शस्त्रसंधीपूर्वी जर्मनीला कळवलेल्या अटीत नागरिकांच्या नुकसानीची भरपाई असे शब्द होते. ते जसेच्या तसे धरले तर उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्स-बेल्जियमला सिंहाचा वाटा आणि जिच्या भूमीवर लढाई झालीच नाही त्या ब्रिटनला फार थोडं मिळणार. म्हणून सैनिकांची पेन्शनं आणि त्यांच्या कुटुंबांना दिलेले भत्तेही नागरिकांच्याच नुकसानीत मोडतात, असा युक्तिवाद पुढे आला. स्मट्स यांनी त्याचं टिपण लिहून दिलं आणि विल्सन यांनी ते मान्य केलं. हेतू ब्रिटनचा वाटा वाढवण्याचा होता. परिणाम म्हणून एकूण दावा मात्र फुगला. प्रत्यक्ष रक्कम तर तहात लिहिलीच नाही, कारण कुठलाही खरा आकडा मायदेशातल्या मतदारांना तोकडाच वाटला असता. मे १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्क जाहीर झाले. त्यातले ८२ अब्ज अशा वर्गातल्या रोख्यांत ठेवले होते, की ते कधी वसूल होतील असं आतल्या माणसांना वाटत नव्हतं. खरी अपेक्षा ५० अब्जांची. मोठा आकडा दोस्तांच्या मतदारांसाठी होता, पण तो जर्मन मतदारांनीही वाचला, आणि राग त्याच आकड्यावर पोसला गेला.

कलम २३१ ची कथाही इथलीच. जबाबदारी पूर्ण मान्य करा, असं हे कलम म्हणतं आणि लगेच पुढचं कलम २३२ म्हणतं की जर्मनीची ऐपत पूर्ण भरपाई करण्याइतकी नाही. तत्त्व पूर्ण आणि देणं मर्यादित, अशी ती जोडी होती, फ्रेंच-ब्रिटिश मागणी आणि अमेरिकन हिशेब यांच्यातला सांधा. तो जुळवणाऱ्यांत एकतिशीतला एक अमेरिकन वकील होता, जॉन फॉस्टर डलेस. वकिलाच्या नजरेने ते चोख काम होतं. पण जर्मनीत २३२ कुणी वाचलं नाही आणि २३१ शाळकरी पोरांनाही पाठ झालं. डलेस यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. विजेत्यांपैकी जो सगळ्यात घाबरलेला असतो, तो तहाची कठोरता ठरवतो. १९१९ मध्ये तो फ्रान्स होता. दोन पिढ्यांत दोनदा जर्मन सैन्य आत घुसलं होतं. फ्रान्सला ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेचा मुलूख जर्मनीपासून तोडून हवा होता. लॉईड जॉर्ज आणि विल्सन यांनी त्याऐवजी देऊ केली ती हमी, की जर्मनीने विनाकारण हल्ला केला तर आम्ही धावून येऊ. क्लेमांसोंनी ती घेतली आणि ऱ्हाइनलँडचा आग्रह सोडून पंधरा वर्षांच्या टप्प्याटप्प्याने संपणाऱ्या ताब्यावर समाधान मानलं. हमीचे करार २८ जूनलाच सही झाले. पण अमेरिकन सिनेटने व्हर्सायचा तह १९ नोव्हेंबर १९१९ ला आणि पुन्हा १९ मार्च १९२० ला फेटाळला. हमीचा करार तर मंजुरीपर्यंत पोहोचलाच नाही, आणि ब्रिटनची हमी अमेरिकेच्या हमीवर टांगलेली असल्याने तीही गळाली. फ्रान्सने जमीन सोडली आणि बदल्यात मिळालेला कागद कोरा निघाला. पुढची काही वर्षं फ्रान्स भरपाईच्या एकेका हप्त्यासाठी हटून बसला आणि १९२३ मध्ये रुऱ्ह खोऱ्यात शिरला, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

सिनेटचा उल्लेख आलाच आहे तर, विल्सन यांनी पॅरिसला नेलेल्या पाच जणांच्या शिष्टमंडळात एकही सिनेटर नव्हता. दोन तृतीयांश मतं जिथे लागतात तिथल्या लोकांना बाहेर ठेवून तह करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

सही कोण करतो, हाही अटीइतकाच महत्त्वाचा मुद्दा. सप्टेंबर १९१८ अखेर शस्त्रसंधीसाठी घाई केली ती लूडेनडॉर्फ या सेनापतीने. सही करायला मात्र रेल्वेच्या डब्यात पुढे झाले माथियास एर्त्सबेर्गर हे नागरी पुढारी, आणि तहावर सही केली नव्या प्रजासत्ताकाचे मंत्री म्यूलर आणि बेल यांनी. पराभव सैन्याचा, पण कलंक लोकशाहीवादी पक्षांच्या माथी. एर्त्सबेर्गर यांचा १९२१ मध्ये खून झाला. १९४५ मध्ये दोस्तांनी हे पुन्हा होऊ दिलं नाही. शरणागतीच्या कागदावर जर्मन सेनाधिकाऱ्यांच्याच सह्या घेतल्या, आणि २ सप्टेंबरला मिझुरी युद्धनौकेवर जपानचे परराष्ट्रमंत्री शिगेमित्सू यांच्यासोबत लष्करप्रमुख उमेझू यांनाही सही करायला लावली.

शस्त्रसंधीचा कागद लोक दुय्यम समजतात. वास्तविक विजेत्याची ताकद त्या दिवशी सर्वाधिक असते आणि पुढे रोज ओसरत जाते. सैनिकांना घरी जायचं असतं, खजिना रिकामा असतो. म्हणून जे खरोखर हवं आहे ते शस्त्रसंधीतच घालून घ्यावं लागतं. ११ नोव्हेंबर १९१८ च्या अटींत दोस्तांचे सरसेनापती मार्शल फोश यांनी ५,००० तोफा, २५,००० मशीनगन, ५,००० रेल्वे इंजिनं आणि १,५०,००० वाघिणी मागितल्या होत्या. तोफांपेक्षा मला इंजिनांचा आकडा बोलका वाटतो. इंजिनं गेली की सैन्य पुन्हा सीमेवर जमवता येत नाही. समुद्री नाकेबंदीही चालूच ठेवली आणि ती उठली थेट जुलै १९१९ मध्ये, जर्मनीने तह मान्य केल्यावर. उपाशी लोकांवरचा हा दाब मला आजही समर्थनीय वाटत नाही, पण वाटाघाटीत तो वापरला गेला ही वस्तुस्थिती आहे. याच्या उलट उदाहरण आखाती युद्धानंतरचं, ३ मार्च १९९१ चं. इराकच्या सीमेवर सफवान इथे अमेरिकेचे जनरल श्वार्झकॉफ यांनी युद्धबंदीच्या बोलण्यात, पूल तुटलेत म्हणून अधिकाऱ्यांची ने-आण करायला हेलिकॉप्टर उडवू द्या, ही इराकी विनंती मान्य केली. तीच हेलिकॉप्टरं काही दिवसांत बंडखोरांवर चालून गेली. राजकीय सूचना न घेता सेनापती टेबलावर बसला, की असं होतं.

जिंकणं हेही कमी-जास्त असतं. १९०५ मध्ये जपानने रशियाला जमिनीवर आणि समुद्रावर हरवलं, पण पैसा आणि माणसं संपत आली होती. अमेरिकेतल्या पोर्ट्समथला तहाच्या बोलण्यांत रशियाचे वित्ते यांनी हे ओळखलं आणि युद्धखंडणी एक कोपेकही मिळणार नाही यावर ते ठाम राहिले. जपानचे कोमुरा यांना दक्षिण साखालिनवर भागवावं लागलं. ५ सप्टेंबरला तह झाला आणि त्याच दिवशी टोकियोत हिबिया उद्यानातून दंगल पेटली, कारण सरकारने लोकांना फक्त विजयाच्या बातम्या दिल्या होत्या, तिजोरीची खरी स्थिती सांगितली नव्हती. त्याआधी १८९५ मध्ये त्याच जपानने चीनकडून शिमोनोसेकीच्या तहात लिआओतुंग द्वीपकल्प मिळवलं, तर सहाच दिवसांत रशिया, जर्मनी आणि फ्रान्सने हरकत घेतली आणि ते परत करायला लावलं. युद्धात नसलेला शेजारीही टेबलाशी बसलेलाच असतो, एवढं त्यावरून कळतं.

मऊ तह शहाणपणाचा, असं सरसकट म्हटलं जातं. मी ते अर्धंच मानतो. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्धच्या सादोवाच्या लढाईनंतर प्रशियाचा राजा विल्हेल्म व्हिएन्नावर चालून जायच्या गोष्टी करत होता. त्याचा पंतप्रधान बिस्मार्क याने भांडून त्याला अडवलं आणि ऑस्ट्रियाकडून प्रशियासाठी इंचभर जमीन घेतली नाही. चार वर्षांनी फ्रान्सशी युद्ध झालं तेव्हा ऑस्ट्रिया तटस्थ राहिला. १८७१ मध्ये त्याच बिस्मार्कने अल्सास-लॉरेन घेतलं आणि पाच अब्ज फ्रँकची खंडणी लावली. फ्रान्सने ती सप्टेंबर १८७३ पर्यंत फेडून टाकली. पैसा विसरला गेला, जमीन नाही. मला यातून दिसतं ते असं, की रकमेपेक्षा मुलूख जास्त सलतो, आणि मऊपणा उपयोगी पडतो तो हरलेल्याला उद्या आपल्याकडे वळवण्याचं कारण असेल तेव्हा.

१९४५ मधले नेते १९१९ चे धडे घोकूनच आले होते. जानेवारी १९४३ मध्ये कॅसाब्लांकाला बिनशर्त शरणागतीची घोषणा झाली, म्हणजे यावेळी शत्रूला आधी कुठलीही अट कबूल करायची नाही आणि नंतर फसवणुकीचा आरोपही नको. पण आपापसातला प्रश्न सुटला नव्हता. याल्टाच्या परिषदेत सोव्हिएत संघाने २० अब्ज डॉलरच्या भरपाईचा आकडा मांडला, त्यातला निम्मा आपल्याला. तो चर्चेचा आधार म्हणून नोंदला गेला, एवढंच. त्यानंतरच्या पॉट्सडॅम परिषदेत ज्याने त्याने आपापल्या ताब्यातल्या भागातून वसुली करावी असं ठरलं आणि त्या क्षणी जर्मनीची आर्थिक फाळणी झाली. इटली, रुमानिया, हंगेरी, बल्गेरिया आणि फिनलंड यांच्याशी १० फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये तह झाले. जर्मनीशी झालाच नाही. विजेत्यांचंच पटेना. शेवटचा कागद १२ सप्टेंबर १९९० ला मॉस्कोत सही झाला, दोन जर्मनी आणि चार विजेते यांच्यात.

जपानच्या बाबतीत मात्र तह झाला, आणि तो करणारा माणूस होता जॉन फॉस्टर डलेस. डेमोक्रॅट अध्यक्ष ट्रूमन यांनी हे काम मुद्दाम या रिपब्लिकन वकिलावर सोपवलं, म्हणजे सिनेटमधला विरोध आधीच बोथट होईल. डलेस यांनी पॅरिसची पद्धत उलटी केली. आधी परिषद भरवून मग मसुदा शोधायचा, असं नाही. राजधान्या फिरून एकेका सरकारशी स्वतंत्रपणे बोलणी, मसुदा पक्का, आणि सॅन फ्रान्सिस्कोची परिषद फक्त सह्यांसाठी. ती ४ सप्टेंबर १९५१ ला भरली तेव्हा नियमच असे केले होते, की मसुद्यात दुरुस्ती मांडता येऊ नये. सोव्हिएत संघाच्या ग्रोमिको यांनी कडाडून विरोध केला, उपयोग झाला नाही.

मऊ तह मित्रांच्या गळी कसा उतरवला ते बघण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फिलिपिन्स यांना जपानची भीती होती, १९१९ च्या फ्रान्ससारखीच. डलेस यांनी आधी त्यांना हमी दिली: फिलिपिन्सशी ३० ऑगस्टला संरक्षण करार, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी १ सप्टेंबरला. तहावर सह्या त्यानंतर, ८ सप्टेंबरला. क्रम नीट पाहा. हमी आधी आली, म्हणून सवलत देता आली. भरपाईच्या कलम १४ मध्ये जुनी जोडी पुन्हा दिसते, म्हणजे जपानने भरपाई द्यायला हवी आणि जपानची पूर्ण भरपाईची ऐपत नाही. पण युद्धाच्या अपराधाची कबुली लिहून घेणारं कलम या तहात नाही. जपानतर्फे पंतप्रधान योशिदा यांच्यासह सहा जणांनी सह्या केल्या आणि त्यात त्यांच्या पक्षाबाहेरचेही होते. योशिदा स्वतः १९१९ मध्ये जपानच्या शिष्टमंडळाबरोबर पॅरिसला होते. सिनेटने मार्च १९५२ मध्ये ६६ विरुद्ध १० मतांनी मंजुरी दिली.

या तहाची किंमतही होती. चीनचं कोणतं सरकार बोलवायचं यावर ब्रिटन-अमेरिकेचं जमलं नाही, म्हणून ज्या देशाचं सर्वाधिक नुकसान झालं त्याला बोलावलंच नाही. कोरियालाही जागा नव्हती. जपानने कुरील बेटांवरचा हक्क सोडला, पण कुणाच्या नावे आणि कुरील म्हणजे नेमकी कुठली बेटं, हे लिहिलं नाही. मसुद्यातली अशी मोकळी जागा नजरचुकीने राहत नाही, ती सोडलेली असते. रशिया आणि जपान यांच्यात आजही शांतता तह नाही. भारताने निमंत्रण असूनही परिषदेला जायचं नाकारलं आणि ९ जून १९५२ ला जपानशी स्वतंत्र तह करून भरपाईचा दावा सोडून दिला.

आज विजेत्याला मनमानी तह लादता येतो का? कायद्याने नाही. १९६९ च्या करारविषयक व्हिएन्ना संकेताचं कलम ५२ सांगतं, की संयुक्त राष्ट्रांच्या सनदेविरुद्ध बळाची धमकी देऊन किंवा बळ वापरून करवून घेतलेला करार शून्यवत. कलम ७५ मात्र आक्रमक ठरलेल्या राष्ट्रासाठी वेगळी वाट ठेवतं. म्हणून आता विजेते सुरक्षा परिषदेचा ठराव शोधतात. १९९१ चा इराकबद्दलचा ६८७ क्रमांकाचा ठराव म्हणजे नाव न घेतलेला तहच होता: सीमा, शस्त्रं, भरपाई, सगळं त्यात. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून ठरावीक टक्के कापून सुमारे ५२.४ अब्ज डॉलर दिले गेले, शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये. टक्केवारी पद्धत मला एकरकमी आकड्यापेक्षा बरी वाटते, ती ऐपतीबरोबर वरखाली होते.

राहिला हरलेल्याच्या आवाजाचा प्रश्न. तो मिळतो तो विजेत्यांमधल्या फटीतून. नेपोलियनच्या पराभवानंतरच्या व्हिएन्ना परिषदेत फ्रान्सचे टालेराँ आले तेव्हा त्यांना बाहेरच ठेवायचा बेत होता. पोलंड आणि सॅक्सनीवरून रशिया-प्रशिया एका बाजूला आणि ऑस्ट्रिया-ब्रिटन दुसऱ्या बाजूला झाल्याबरोबर त्यांनी आपलं वजन टाकलं. ३ जानेवारी १८१५ ला पराभूत फ्रान्स हा ऑस्ट्रिया-ब्रिटनच्या गुप्त करारातला भागीदार होता. फट नसेल तर विजेत्याची हौस शोधावी लागते. १८७१ मध्ये पराभूत फ्रान्सचे थिएर यांच्यापुढे बिस्मार्कने पर्याय ठेवला, बेलफोर्टचा किल्ला हवा की पॅरिसमधली जर्मन विजययात्रा टाळायची आहे. थिएर यांनी यात्रा होऊ दिली आणि किल्ला राखला.

आणि फट पुरेशी रुंद झाली तर लादलेला तहही मागे घेता येतो. ऑगस्ट १९२० च्या सेव्र तहाने तुर्कस्तानचे लचके तोडले होते. तुर्की नेते मुस्तफा केमाल यांच्या सैन्याने ग्रीकांना हटवलं, त्याआधीच फ्रान्सने ऑक्टोबर १९२१ मध्ये अंकाराशी वेगळं जमवून घेतलं होतं आणि ब्रिटन एकटा पडत चालला होता. नोव्हेंबर १९२२ मध्ये लोझानला तुर्कस्तानचे इस्मत पाशा बरोबरीच्या नात्याने बसले. ब्रिटनच्या लॉर्ड कर्झन यांची लांबलचक भाषणं ते शांतपणे ऐकत, कमी ऐकू येण्याचा पुरेपूर उपयोग करत आणि पुन्हा पहिल्याच मुद्द्यावर येत. फेब्रुवारीत बोलणी मोडली, एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाली आणि २४ जुलै १९२३ ला तह झाला. युद्धखंडणी नाही, परकीयांचे विशेष न्यायाधिकार रद्द. हा तह आजही लागू आहे.